सातव्या ओळीतली सालोमी

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि रोझलिन तुस्कानो स्वयंपाकघराच्या फरशीवर गुडघे टेकून बसली होती. स्वयंपाकघर तिचं नव्हतं. ओट्याखालच्या कोपऱ्यात, जिथं इतर घरांत गॅसचं सिलिंडर असतं, तिथं फरशीच्या पातळीत एक लोखंडी झाकण होतं. ते तिनं पान्यानं सैल केलं, बाजूला ठेवलं आणि खालच्या पाइपात शिसं बांधलेली दोरी सोडली. दोरी फार खाली गेलीच नाही.

"किती?" मागून मनोरमानं विचारलं. घर तिचं. चहाचं पातेलं तिनं शेगडीवर ठेवलं होतं, पण गॅस पेटवला नव्हता.

रोझलिननं दोरीचा कोरडा भाग पट्टीला लावून बघितला. "दहा सेंटिमीटर."

"आणि तुमच्या त्या कॉम्प्युटरात?"

"तिथंही दहाच."

तो रविवार होता, ३० नोव्हेंबर २००३. गाव वटार. पाइपातलं पाणी मनोरमाच्या फरशीपासून चार बोटांवर आलं होतं आणि ते तसं येणार हा आकडा महिनाभर आधी लिहिला गेला होता. लिहिणाऱ्यानं तो गंमत म्हणून लिहिला होता.

रोझलिन त्या वर्षी सत्तेचाळीस वर्षांची होती. वडिलांची पानवेलीची वाडी. तुस्कानोंच्या घरातून नोकरीसाठी मुंबईला जाणारी ती पहिली मुलगी. फोर्टमधल्या एका जहाज एजंटाच्या कचेरीत तिनं सतरा वर्षं टायपिंग केलं. कचेरी बंद झाली तेव्हा ती चाळिशीची होती. वसईला एका क्लासमध्ये अर्ध्या वयाच्या पोरींबरोबर बसून ती कॉम्प्युटर शिकली. लग्न केलं नाही. मनगटावर पुरुषी घड्याळ, केसांचा घट्ट अंबाडा, आणि बोलताना समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबायची सवय.

त्या काळात टँकर वटारच्या विहिरींवर यायचे आणि पाणी उपसून नव्या वस्त्यांना विकायचे. विहिरी मचूळ होऊ लागल्या, केळीच्या पानांच्या कडा करपू लागल्या. तेव्हा वाडीवाल्यांनी एक समिती केली आणि ठरवलं की प्रत्येक विहिरीचं पाणी रोज मोजायचं. मोजणारी म्हणून रोझलिनला ठेवलं. समितीची खोली म्हणजे सुकेळी ठेवायची जुनी वखार. तिथं एक टेबल, एक देणगीचा कॉम्प्युटर आणि भिंतींना अजून पिकल्या केळ्याचा वास.

रोझलिन रोज सकाळी सायकलवरून विहिरी फिरायची. दोरी जाळ्याच्या सुताची, शिसं वडिलांचं. जमिनीपासून पाण्यापर्यंत किती अंतर, तेवढंच ती लिहून आणायची. मग एक्सेलमध्ये भरायची. प्रत्येक विहिरीला स्वतंत्र पान आणि पानाला विहिरीचं नाव. इकडे विहिरीला ती खोदवून घेणाऱ्याचं नाव असतं, माणूस गेला तरी ते बदलत नाही. पानावर वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक ओळ.

पहिल्या पानावर गोषवारा होता. तिथं डावीकडे विहिरींची नावं आणि समोर त्या दिवसाचा आकडा. हा आकडा ती हातानं लिहीत नसे. सूत्र तो आणत असे, आणि त्या सूत्राचा तिला थोडा अभिमान होता. कुठल्या पानावर जायचं हे सूत्रात लिहिलेलंच नव्हतं. सूत्र शेजारच्या चौकटीतलं नाव उचलायचं, त्याला आजच्या तारखेवरून काढलेला ओळीचा आकडा जोडायचं आणि असा तयार झालेला मजकूर पत्ता समजून तिथं जायचं. नाव बदललं की सूत्र दुसऱ्या विहिरीवर. दिवस उलटला की एक ओळ खाली. कोणी हात लावायची गरज नाही. त्या नावाचं पानच नसेल, तर चौकटीत इंग्रजीत 'रेफ' अशी अक्षरं उमटायची.

सातव्या ओळीत चार वर्षं हेच उमटत होतं.

सातव्या ओळीत नाव होतं सालोमीचं. सालोमी ही रोझलिनची आत्या. तिची विहीर गावात गोड्या पाण्यासाठी प्रसिद्ध होती, लग्नाच्या स्वयंपाकाचं पाणी तिथून न्यायचे. आत्या गेली, मुलांनी जमीन बिल्डरला दिली, आणि १९९९मध्ये विहीर बुजवायला काळूराम नावाच्या म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं. काळूरामनं तळापासून वरपर्यंत लोखंडी पाइप उभा केला आणि मग त्याच्याभोवती माती आणि डबर टाकलं. पाइप कशाला, असं बिल्डरच्या माणसांनी विचारलं. काळूराम म्हणाला, "विहीर मरत नाय. पानी खाली असतंच. त्याला वर बघायला वाट ठेवायची."

त्याच्या पाड्यावर तशी रीत होती. पाइप उभा आहे तोवर विहिरीचं नाव पुसायचं नाही, ही रीतही त्याचीच. रोझलिननं विहिरीचं पान काढून टाकलं, कारण मोजायला काही उरलं नव्हतं. नाव मात्र गोषवाऱ्यात राहू दिलं. तिचा काळूरामच्या बोलण्यावर विश्वास होता असं नाही. आत्याचं नाव आपल्या हातानं पुसायला तिचं बोट वळलं नाही, एवढंच. विहिरीवर तीन मजली इमारत झाली. आराखडा जरा सरकला आणि पाइपाचं तोंड तळमजल्याच्या एका स्वयंपाकघरात आलं. झाकण बसवून, जुनी पाण्याची लाइन आहे असं सांगून, फ्लॅट विकला गेला.

समितीचा सचिव ऑगस्टीन हा रोझलिनचा शाळेतला सोबती. जाडा, हसरा, अंत्यविधीतही एखादा विनोद करून घेणारा.

"रोझू, तुझी आत्या आज काय म्हणते?" तो रोज विचारायचा.

"तीच अक्षरं. पत्ता सापडत नाही म्हणते."

"जिवंतपणी तरी कुठं सापडायची? सकाळी आगाशीला, दुपारी कळंबला."

एक नोव्हेंबरच्या संध्याकाळी ऑगस्टीन वखारीत एकटा होता. दुसरा दिवस मृतांच्या स्मरणाचा. गाव सिमेटरीत कबरी पुसून फुलं लावत होतं. ऑगस्टीनच्या मनात आलं की उद्या रोझलिननं फाइल उघडली की आत्यानं तिला उत्तर द्यावं. त्यानं शेजारच्या विहिरीच्या पानाची नक्कल केली आणि नकलेला सालोमीचं नाव दिलं. आतले आकडे पुसले. त्या दिवसाच्या ओळीत तीनशे लिहिलं, पुढच्या दिवसाच्या ओळीत दोनशे नव्वद. मग रोझलिननंच शिकवल्याप्रमाणे दोन्ही चौकटी धरून खाली ओढल्या. रोज दहा कमी, असे आकडे आपोआप भरत गेले. नोव्हेंबर संपला तिथं त्यानं बोट उचललं. शेवटचा आकडा दहा.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून रोझलिन वखारीत आली. सातव्या ओळीत दोनशे नव्वद होतं.

 मग तिनं पान शोधलं, ओढलेले आकडे बघितले आणि काय झालं ते तिला कळलं. वखारीची दुसरी किल्ली एकाच माणसाकडे होती. संध्याकाळी सिमेटरीच्या फाटकाशी तिनं त्याला गाठलं.

"मेलेल्या माणसाची मस्करी करतोस?"

"अगं, चार वर्षं बिचारी गप्प होती. म्हटलं बोलू दे."

"उद्या मी जाऊन मोजते. दोरीशिवाय आकडा माझ्या तक्त्यात राहत नाही."

"मग पुसून टाक की. मोजायला कशाला जातेस?"

पण रोझलिनची पद्धत तशी होती. खोटा आकडा नुसता पुसायचा नाही, त्या जागी खरा भरायचा. सोमवारी सकाळी तिनं तळमजल्यावरच्या फ्लॅटची घंटा वाजवली.

दार मनोरमानं उघडलं. ती आणि तिचे यजमान सदानंद मुलगी आर्याला घेऊन दीड वर्षापूर्वी इथं राहायला आले होते. त्याआधी दादरच्या चाळीत एका खोलीत सात माणसं. हा फ्लॅट त्यांचं पहिलं स्वतःचं घर. सकाळच्या वेळी एक अनोळखी बाई दोरी घेऊन आली आहे आणि तुमच्या ओट्याखाली विहीर आहे असं म्हणते आहे, हे ऐकून मनोरमा आधी हसली.

"म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात तुमची आत्या राहते म्हणा की."

"आत्या नाही. तिची विहीर."

"भाडं कोण देणार?"

रोझलिननं झाकण काढलं. आतून शेवाळाचा थंड वास आला. दोरी खाली सोडली, शिसं टेकल्याचा आवाज आला, दोरी वर घेतली. दोनशे ऐंशी. तिनं पुन्हा मोजलं, मग मनोरमाला मोजायला लावलं. दोनशे ऐंशी.

वखारीत येऊन तिनं सातवी ओळ बघितली. दोनशे ऐंशी. कोणी हात लावला नव्हता. दिवस उलटला होता, सूत्र एक ओळ खाली सरकलं होतं.

ऑगस्टीनला हे सांगितलं तेव्हा तो हसला. मंगळवारी तो सोबत आला, दोरी त्यानं स्वतः धरली आणि दोनशे सत्तर वाचलं. 

पाणी खात्यातून निवृत्त झालेले एक अधिकारी रोझलिनच्या ओळखीचे होते. तिनं त्यांना विचारलं. ते म्हणाले, यात नवल नाही. समितीनं ऑक्टोबरात टँकर बंद पाडले, उपसा थांबला, आता पाणी वर येणारच. बुजवलेल्या विहिरीतही येईल. तिनं त्यांच्यापुढे आकडे ठेवले. ते त्यांनी दोनदा वाचले. बाकीच्या विहिरींचं पाणीही चढत होतं, पण एक दिवस दोन बोटं, एक दिवस काहीच नाही, असं. पाणी चढताना हळूहळू मंदावतं, असं ते म्हणाले. रोज सारखंच चढलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी कागद परत दिला आणि चहाचा विषय काढला.

त्या घरात काय पणाला लागलं आहे ते मनोरमाला दुसऱ्या आठवड्यात समजलं. रोझलिननं तिला वखारीत आणून पडद्यावर पूर्ण महिना दाखवला. तिथून पुढे तिनं रोज सकाळी दार स्वतः उघडायला सुरुवात केली, घंटा वाजायच्या आधी. इमारतीच्या सोसायटीचे अध्यक्ष तिसऱ्या मजल्यावर राहायचे. त्यांनी खाली येऊन झाकण बघितलं आणि ही गळती आहे, प्लंबर बोलवा, असं सांगितलं. पाण्यानं डबर सुटलं तर वरचे मजलेही खचतील, असं रोझलिन त्यांना म्हणाली. अध्यक्षांनी तिला विचारलं की ती इंजिनीअर आहे का. ती नाही म्हणाली.

सदानंद शांत गृहस्थ. मुंबईला एका विमा कचेरीत कारकून. आकड्यांची गोष्ट त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"मॅडम, पाणी वर येतंय ना? मग काढू. त्यात काय."

पंधरा तारखेच्या शनिवारी त्यानं भाड्यानं मोटर आणली, पाइपात नळी सोडली आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पाणी गटारात सोडलं. इमारतीतल्या बायकांनी तेवढ्यात बादल्या भरून घेतल्या. संध्याकाळी पाणी मीटरभर खाली गेलं होतं. सदानंदनं आर्याला आइस्क्रीम आणलं.

रविवारी सहा दहाला रोझलिननं दोरी सोडली. दीडशे. गोषवाऱ्यातही दीडशे.

सदानंद दाराच्या चौकटीत उभा होता. दोरीकडे बघत तो म्हणाला, "काल संध्याकाळी ही मीटरभर जास्त कोरडी होती ना?"  त्यानंतर त्यानं मोटरचं नाव काढलं नाही.

आर्या सात वर्षांची होती. शाळेतून आली की ती झाकणाला कान लावून बसायची. आईनं ओरडून उठवलं की म्हणायची, कोणीतरी भांडी भरतंय. एक भरलं की दुसरं, मग तिसरं, मध्ये करकर असा आवाज. मनोरमानं ही गोष्ट रोझलिनला हसत हसत सांगितली, पोरीचं डोकं कसं चालतं म्हणून. रोझलिन हसली नाही. सालोमीच्या विहिरीवर रहाट होता, मातीच्या पोहऱ्यांची माळ असलेला. आत्याच्या हयातीतच तो मोडून पंप बसवला होता. दादरला जन्मलेल्या मुलीनं रहाट पाहिला असण्याचं कारण नव्हतं. रोझलिननं मनोरमाला फक्त एवढंच सांगितलं, की मुलीला झाकणापाशी बसू देऊ नका.

इकडे ऑगस्टीनचं हसणं गेलं होतं. गावात तो कोणाशी बोलेना. एकवीस तारखेला तो वखारीत आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "ते पान काढून टाक."

"पान काढलं म्हणून पाणी थांबेल असं वाटतं तुला?"

"मला काही वाटत नाही. तू काढ."

"काढलं आणि तरी पाणी चढलं, तर कुठपर्यंत चढणार ते कळणार नाही. काढलं आणि थांबलं, तर मला या खोलीत पुन्हा पाऊल टाकता येणार नाही. तुला येईल?"

ऑगस्टीन खुर्चीवर बसला. "मग निदान आकडा वाढवून बघतो. मी लिहिलाय, मीच बदलतो." त्यानं दुसऱ्या दिवसाच्या ओळीत नव्वद पुसून अडीचशे लिहिलं. लिहिताना आधी पंचवीस झालं, मग दोन हजार पाचशे. "देवा," तो म्हणाला आणि पुन्हा नीट लिहिलं.

बावीसच्या सकाळी दोघं सोबत गेले. गोषवाऱ्यात अडीचशे होतं. दोरीवर नव्वद होतं.

ऑगस्टीन मनोरमाच्या स्वयंपाकघरात जमिनीवरच बसला. मनोरमानं त्याला पाणी दिलं. त्यानं ग्लास तोंडापर्यंत नेला, विचारलं, "हे नळाचं ना?" आणि मगच प्यायला. वखारीत जाऊन रोझलिननं अडीचशे पुसलं आणि नव्वद लिहिलं. तो दोरीचा आकडा होता. तिच्या पद्धतीप्रमाणे तोच लिहायचा होता.

यानंतरचा आठवडा मनोरमाशी बोलण्यात गेला. रोझलिनचं म्हणणं एकच, महिना संपायच्या आत घर सोडा, महिनाभर बाहेर राहा, मग बघू. सदानंदचा भाऊ नायगावला राहत होता, तिथं जागा होती. सदानंद तयार होता. मनोरमा नव्हती.

"दहा वर्षं मी दुसऱ्यांच्या पायांवरून उड्या मारत मोरीत गेलेय, रोझलिनताई. हे स्वयंपाकघर माझं आहे. एका पाइपासाठी मी पुन्हा दिराच्या घरी अंथरूण घालू?"

"पाइपासाठी नाही. खाली भरलेलं डबर आहे, ते पाण्यानं बसेल. फरशी त्याच्यावर उभी आहे."

"हे तुम्हाला दोरी सांगते की कॉम्प्युटर?"

"हे मला काळूरामनं सांगितलंय. त्यानं भरलंय."

"मग माझ्या हाताला पाणी लागेल तेव्हा जाईन," मनोरमा म्हणाली. "आकड्याला भिऊन नाही जाणार."

म्हणूनच तीस तारखेच्या रविवारी, दोरीवर दहा आल्यावर, चहाचं पातेलं तसंच ठेवून ती रोझलिनच्या शेजारी फरशीवर बसली. हातातल्या बांगड्या वर सरकवल्या आणि पाइपात हात घातला. मनगट आत गेलं आणि ती थांबली. काही क्षण तिनं हात तसाच ठेवला. मग ओली बोटं बाहेर काढली, त्यांच्याकडे बघितलं आणि जिभेला लावली.

"गोड आहे," ती म्हणाली.

 आत्याच्या विहिरीच्या पाण्याबद्दल गाव हेच म्हणायचं. भोवतालचं पाणी अजून मचूळ होतं.

मनोरमा उठली, पदराला हात पुसला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाली, "अहो, टेम्पोवाल्याला फोन करा. आर्याला उठवू नका, मी उठवते."

त्या दिवशी रोझलिनची मिस्सा चुकली. दुपारपर्यंत कपाट, पलंग, गाद्या आणि भांडी टेम्पोत गेली. सिलिंडर सदानंदनं स्वतः उचलून नेलं. वरच्या मजल्यावरची दोन कुटुंबं हे गॅलरीतून बघत होती. त्यातल्या एकानं संध्याकाळी सामान बांधायला घेतलं, दुसऱ्यानं नाही. अध्यक्षांनी दार उघडलं नाही. आर्यानं जाताना झाकणाकडे बघून हात हलवला आणि आईनं तिला दंडाला धरून बाहेर नेलं.

मनोरमानं कुलूप लावलं. किल्ली रोझलिनच्या हातात ठेवताना ती म्हणाली, "उद्या याल तेव्हा चपला बाहेर काढू नका. फरशी ओली असली तर पाय घसरेल."

संध्याकाळी रोझलिन वखारीत बसली होती. ऑगस्टीन आला आणि तिच्या मागे उभा राहिला. पडद्यावर सालोमीचं पान होतं. ३० नोव्हेंबरच्या ओळीत दहा. त्याखाली १ डिसेंबर, आणि त्याच्यापुढे काही नाही. ऑगस्टीननं बोट उचललं ती हीच जागा.

"उद्या काय दिसेल?" त्यानं विचारलं.

"शून्य."

"मी तर शून्य लिहिलं नव्हतं."

"तू काहीच लिहिलं नव्हतंस. चौकट कोरी असली की सूत्र शून्य दाखवतं."

"म्हणजे ते नुसतं कोरं आहे. पाणी फरशीला टेकल्याचं शून्य नाही."

"पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं."

ऑगस्टीननं पडद्याकडे बघायचं टाळलं. "मी येऊ सकाळी?"

"ये. बूट घालून ये."

तिनं फाइल साठवली, कॉम्प्युटर बंद केला आणि दोरी खिळ्यावर वाळत टाकली. उद्या सोमवार, १ डिसेंबर. पहिली मोजणी सहा वाजून दहा मिनिटांनी, तळमजल्यावर. त्यानंतर बाकीच्या विहिरी नेहमीच्या क्रमानं. साडेआठला फाइल उघडली जाईल तेव्हा सातव्या ओळीत सालोमीच्या नावापुढे शून्य असेल.